आधी पीक, मग कथा : तिळगुळाचा इतिहास

चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी चीनमध्ये घरोघरी एक पदार्थ होतो. चिकट तांदूळ बोरूच्या किंवा बांबूच्या पानात घालायचा, पानाला तिकोनी घडी घालायची, वरून दोरा आवळून बांधायचा आणि तासन्‌तास उकडायचा. याला झोंगझी म्हणतात. तो का करायचा, याचं उत्तर तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. छू राज्याचा निष्ठावंत मंत्री आणि मोठा कवी छ्यू युआन याला राजानं दूर लोटलं. इ.स.पू. २७८ मध्ये राजधानी शत्रूच्या हाती पडली, तेव्हा त्यानं मिलुओ नदीत उडी घेतली. माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून लोकांनी पाण्यात भात टाकला, आणि त्या भाताची आठवण म्हणजे हा पदार्थ. कथा मन हलवून टाकणारी आहे. पण जुने ग्रंथ चाळले की वेगळाच क्रम दिसतो. इ.स. २९७ मध्ये वारलेल्या चौ छू या लेखकानं पानात बांधलेल्या, उकडलेल्या धान्याचं वर्णन केलं आहे आणि सणाचा दिवसही सांगितला आहे. मात्र त्याच्या उपलब्ध मजकुरात छ्यू युआनचं नाव नाही. पदार्थाचा संबंध त्या कवीशी स्पष्टपणे जोडणारी कथा सापडते ती वू च्युन या लेखकाकडे, आणि तो वारला इ.स. ५२० मध्ये. कवीचा मृत्यू आणि ही लिखित कथा यांच्यात जवळपास आठशे वर्षांचं अंतर आहे. शिवाय पूर्वेकडच्या सूचौ भागात तोच सण वू त्सशू या दुसऱ्याच वीराच्या स्मरणार्थ साजरा होतो. पदार्थ एक, पुण्यात्मे दोन. मग पदार्थ कथेतून निघाला, हे म्हणणं टिकत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी होणारा धान्याचा सण आधीपासून होता, त्याचा खाऊही होता. लोकांनी पुढे आपल्या आवडत्या माणसाची आठवण त्या खाऊला बांधली.

हीच कसोटी आपल्या घरच्या सणाला लावून पाहण्यासारखी आहे, आणि त्यासाठी कोल्हापूरइतकी योग्य जागा दुसरी नाही. कारण संक्रांतीच्या तिळगुळातला निम्मा वाटा ज्या गुळाचा, त्या गुळाची पेठ म्हणून हे शहर वाढलं. आपल्याकडेही कथांचा तोटा नाही. संक्रांत नावाच्या देवीनं संकरासुराला मारलं आणि दुसऱ्या दिवशी किंकरासुराचा वध केला, म्हणून संक्रांत आणि किंक्रांत, असं पंचांगाच्या आधारे सांगितलं जातं. त्या देवीचं वाहन कोणतं, तिनं नेसलंय काय, ती खातेय काय, हे दर वर्षी पंचांगात छापून येतं आणि ती ज्या वस्तूला शिवेल ती महागणार, अशी समजूत आजही बाजारात ऐकू येते. दुसरी कथा इतिहासाची आहे. पानिपत संक्रांतीच्याच दिवशी झालं, महाराष्ट्रावर संक्रांत कोसळली ती तेव्हापासून, असं अनेक जण ठामपणे सांगतात. या दोन्ही कथांनी सणाला गांभीर्य दिलं. पण तिळगूळ त्यांच्यातून जन्मला का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. आधी पीक आलं, मग पदार्थ झाला, मग कथा आली. या क्रमाचे पुरावे आहेत, आणि हा क्रम ओळखण्यानं सण लहान होत नाही. उलट त्याची जबाबदारी आपल्यावर येते.

पानिपतचं आधी पाहू, कारण तिथे तारखाच साक्ष देतात. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, म्हणून ती त्या वर्षीही १४ लाच असणार, असं आपण धरून चालतो. पण आपलं संक्रमण नक्षत्रांच्या हिशोबानं मोजलं जातं आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या हिशोबानं चालतं. दोन्ही वर्षांच्या लांबीत थोडा फरक आहे, त्यामुळे संक्रांत साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि त्याची तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं की संक्रांत १० किंवा ११ जानेवारीच्या आसपास पडते. म्हणजे सदाशिवरावभाऊंचं सैन्य रणात उतरलं तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते. आजची तारीख अडीचशे वर्षं मागे नेऊन चिकटवल्यामुळे हा योग जुळवला गेला. मराठी घरातला एकेक कर्ता पुरुष गमावलेल्या समाजाला त्या दुःखासाठी पंचांगात एक जागा हवी होती, आणि जवळचा सण होता संक्रांतीचा. छ्यू युआनच्या कथेत जे घडलं, तेच इथे घडलं: शोकानं सणाचा आधार घेतला. त्या शोकाबद्दल आदर बाळगूनही म्हणावं लागेल की तिळगूळ पानिपतच्या फार आधीचा आहे.

किती आधीचा? तिळाची आणि गुळाची वाट वेगवेगळी शोधावी लागते. हडप्पाच्या उत्खननात जळके तीळ मिळाले आहेत. अथर्ववेदात तिळाचा उल्लेख आहे. पितरांच्या तर्पणात तिळाशिवाय चालत नाही. या देशातल्या सर्वांत जुन्या तेलबियांपैकी ही एक. उसाचा रस आटवून गोड पदार्थ करण्याची विद्याही इथलीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात काकवीपासून खडीसाखरेपर्यंतच्या पायऱ्या एका ओळीत मोजल्या आहेत आणि त्यात गूळ आहे. हीच विद्या शिकण्यासाठी इ.स. ६४७ मध्ये थांग सम्राट ताइझोंगनं मगधाकडे माणसं पाठवल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. म्हणजे ज्या चीनच्या सणापासून आपण सुरुवात केली, त्या चीनच्या मिठाईतही आपल्याकडच्या चुलाण्याचा काही अंश पोहोचला आहे. संक्रमणाचा दिवस मात्र या दोहोंपेक्षा तरुण आहे. वैदिक वाङ्मयाला उत्तरायण ठाऊक होतं, पण मकर, कुंभ या राशी ठाऊक नव्हत्या. राशींची विभागणी आपल्या ज्योतिषात ग्रीकांशी संपर्क आल्यानंतर रुजली. आज खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि संक्रांत त्यानंतर सुमारे चोवीस दिवसांनी येते. सत्तर-बहात्तर वर्षांना एक दिवस या हिशोबानं मागे गेलं, तर दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पडत होत्या तो काळ सतराशे वर्षांपूर्वीचा ठरतो. तीळ आणि गूळ त्याच्याही कितीतरी आधी स्वयंपाकघरात होते. सण आला तेव्हा खाऊ तयारच होता.

तो याच महिन्यात का तयार असतो, हे कोल्हापूरच्या शिवारात कळतं. तीळ खरिपाचा, आश्विनापर्यंत तो झोडपून, वाळवून घरात येतो. ऊस त्यानंतर तोडणीला येतो. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर कोल्हापूरच्या बाजार समितीत नव्या गुळाचे सौदे निघतात आणि पौषापर्यंत गुऱ्हाळं भर हंगामात असतात. गुऱ्हाळातलं काम डोळ्यांदेखत पाहावं असं आहे. घाण्यातून निघालेला रस काहिलीत चढतो, खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जळत असतात. रस तापू लागला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात सोडतात. त्याला धरून मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची. पुढचं सगळं गुळव्याच्या नजरेवर. उकळीचा आवाज बदलतो, फेसाचे बुडबुडे जड होतात, मग तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांत गोळी वळते का पाहतो. पाक ११८-१२० अंशांच्या घरात असतो तेव्हाची ती घडी. ती चुकली तर एक तर गूळ धरत नाही, नाही तर करपतो. उतरवलेला पाक वाफ्यात ओतून, घोटून, साच्यांत भरला की त्याचे रवे होतात. एक टन उसातून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ निघतो. रसातलं पाणी वाफ होऊन जातं. वर्षभराच्या पाण्याची, खताची, राबणुकीची किंमत या रव्यात गोळा झालेली असते. नवा तीळ आणि नवा गूळ एकाच वेळी घरात असण्याचा काळ म्हणजे मार्गशीर्ष-पौष. भोगीच्या भाजीत घेवडा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे घाटे पडतात, सुगडात बोरं, ऊस आणि गव्हाच्या ओंब्या भरतात, बाजरीच्या भाकरीला तीळ लावतात, ते याच कारणानं. संक्रांतीचं ताट म्हणजे त्या पंधरवड्यात शिवारात जे आहे त्याची यादी आहे.

इथे एक आक्षेप रास्त आहे. शिवारात होतं म्हणून ते सगळ्यांच्या ताटात होतं असं नाही. खरंच नव्हतं. मोटेच्या पाण्यावर ऊस करायला विहीर, बैलजोड्या आणि माणसं लागत. त्यामुळे उसाचं रान थोडं आणि गूळ महाग. तिळगूळ प्रत्येक घरात मुठीनं वाटता येऊ लागला, हा बदल अलीकडचा आहे आणि त्याला तारखा आहेत. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. १८९४ मध्ये राज्यसूत्रं हाती घेतल्यावर पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि गुळाला आपल्या दारात बाजार मिळाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं गेलं. ते पूर्ण व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. नदीचं पाणी फळ्या घालून अडवण्याची जी रीत इथे रूढ झाली, ती पुढे राज्यभर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणूनच ओळखली गेली. पाणी आलं तसा ऊस वाढला, ऊस वाढला तसा गूळ. गुजरातचे व्यापारी इथल्या पिवळ्याधमक रव्याचे मोठे गिऱ्हाईक झाले, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा ज्याला आपण अनादी परंपरा म्हणतो, त्या तिळगुळाचं आजचं सार्वत्रिक रूप एका राजानं आखलेल्या पेठेवर, रुळांवर आणि धरणावर उभं आहे. परंपरेची मुळं जुनी असली तरी तिचा विस्तार धोरणानं आणि घामानं झाला.

कथा आधी की पीक आधी, याचा आणखी एक पुरावा कोल्हापूरला हाकेच्या अंतरावर मिळतो. निपाणीच्या पुढे कन्नड मुलुखात संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल वाटतात: तीळ, गुळाचे तुकडे, खोबऱ्याच्या फोडी, शेंगदाणे आणि डाळं. देताना तीळगूळ खा आणि चांगलं बोला, अशा अर्थाचंच वाक्य म्हणतात. बिहारमध्ये गयेचा तिलकूट, पंजाबात लोहडीची रेवडी, गुजरातेत उत्तरायणाची चिक्की. या सगळ्या प्रांतांत पानिपतचं सुतक नाही, संकरासुराची गोष्टही प्रत्येक घरी सांगत नाहीत. तरी जानेवारीच्या मध्याला तीळ आणि उसाचा गोडवा एकत्र येतोच. भाषा बदलते, कथा बदलते, आणि हंगाम तोच राहतो. कारण शोधायचं तर ते सगळीकडे समान असलेल्या गोष्टीत शोधावं लागतं, आणि समान आहे ती थंडी, तोडणीला आलेला ऊस आणि झोडपून ठेवलेला तीळ.

आता दुसरा आक्षेप, जो हल्ली सर्वांत जास्त ऐकू येतो. तीळ उष्ण आणि स्निग्ध, गूळ शक्तिवर्धक. थंडीत अंगाला तेलकट खाणं हवं, म्हणून पूर्वजांनी शास्त्र ओळखून हा सण बसवला. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. तिळात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं आणि थंडीत ते खाणं शहाणपणाचं आहे. पण त्यातून दुसरं वाक्य निघत नाही. आरोग्यासाठीच खायचा असता, तर तिळगूळ अख्खा हिवाळाभर आपापल्या घरी खाल्ला असता. तो दुसऱ्याच्या तळहातावर ठेवण्याची, त्यातही लहानानं मोठ्याला देऊन पाया पडण्याची आणि वर्षभर न बोलणाऱ्याच्या दारी जाण्याची गरज नव्हती. सणाचं मर्म खाण्यात कमी आणि देण्यात जास्त आहे. पीक हे पदार्थाचं कारण आहे. देवाणघेवाण हा त्याचा अर्थ आहे. आरोग्याचं स्पष्टीकरण हीसुद्धा आपल्या काळानं सणाला जोडलेली कथाच आहे, फक्त तिची भाषा प्रयोगशाळेची आहे.

मग कथा टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. कथा पदार्थाचा उगम सांगत नाहीत, पण त्या त्या काळाला काय सलत होतं, काय हवं होतं, ते नेमकं सांगतात. दुष्काळ, महागाई, स्वारी यांच्या भीतीत जगणाऱ्यांनी संक्रांतीला शस्त्रधारी देवी केलं. पानिपतनंतरच्या पिढ्यांनी तिच्यात आपलं नुकसान पाहिलं. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात संक्रमणाचे तीळ शर्करेसह पाठवण्याचा रिवाज दिसतो. सरदार, मुत्सद्दी, आप्त एकमेकांना ते आवर्जून पाठवत. फौजा उभ्या असताना, तहाची बोलणी अर्धवट असताना एक पुडी जाई आणि बोलण्याचं दार उघडं आहे एवढं तरी कळे. तिथे तिळाचा अर्थ राजकीय होता. आज दोन भावांत बांधावरून वाद असतो, भाऊबंदकीत न्यायालयाची पायरी चढलेली असते आणि तरी संक्रांतीच्या संध्याकाळी पोराच्या हातून तिळगूळ पाठवला जातो. तिथे त्याचा अर्थ घरगुती आहे. दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि दोन्ही माणसांनी घातलेले आहेत.

जिनसाही बदलत आल्या आहेत, ही गोष्ट शुद्ध परंपरेचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. आपल्या वडीत आज शेंगदाण्याचा कूट हमखास असतो; भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आलेला. काटेरी हलवा साखरेचा. पसरट परातीखाली मंद निखारे ठेवून, तिळावर चमच्या-चमच्यानं पाक सोडत, बोटांनी सतत फिरवत, पाक वाळला की पुन्हा एक चमचा, असं दिवस-दिवस बसल्यावर त्या दाण्याला काटा फुटतो. त्याचे दागिने नव्या नवरीला, बोरन्हाणाच्या बाळाला चढतात. शेंगदाणा आला, साखर आली, म्हणून सण बाटला नाही. चीनमध्येही बाजरीच्या जातीच्या धान्यानं सुरू झालेला पानातला पदार्थ चिकट तांदळावर आला, कुठे त्यात डुकराचं मांस गेलं, कुठे गोड डाळ. जे टिकलं ते बांधणं आणि वाटणं. जिन्नस बदलूनही सण तोच राहतो. मग माणसांची यादी बदलली तर तो मोडेल, हे कुणी कशाच्या आधारावर म्हणावं?

कारण माणसांची यादी हाच या सणाचा दुखरा भाग आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, वाण लुटलं जातं, आणि ज्या बाईचा नवरा गेला ती त्या दाराबाहेर राहते. सगळ्यांशी गोड बोलायला सांगणारा सण तिच्यापाशी येऊन मुका होतो. ही चाल शास्त्रानं दिलेली, तिला हात लावू नये, असं म्हणणाऱ्यांना या लेखातला सगळा पुरावा उत्तर देतो: दिवस सरकला, कथा बदलल्या, जिनसा बदलल्या, पेठा उभ्या राहिल्या, तेव्हा ही एकच गोष्ट अढळ असल्याचं सांगणं खरं नाही. कोल्हापूरनं याबाबत मार्गही दाखवला आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं. ठराव कागदावर होतो. तो पाळला जातो सणाच्या दिवशी. तिळगुळाला अर्थ देण्याचं काम आपल्या आधीच्या प्रत्येक पिढीनं केलं आहे. या संक्रांतीला वाण भरताना पहिलं वाण आपल्या आळीतल्या अशा बाईच्या हाती द्या, तिला कुंकू लावा आणि तिच्या हातून तिळगूळ घ्या.